मंद गतीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड: गरम प्लग की योग्य तेल?

खाडीत जाळे सोडताना होडीच्या मागे बाहेर बसवलेले, पेट्रोलबरोबर तेलही जाळणारे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन तासन्‌तास मंद चालते आणि स्पार्क प्लग काळा, तेलकट होऊन ठिणगी पडेनाशी होते. अशा वेळी एक पायरी गरम प्लग (ज्याचे टोक उष्णता जास्त धरून ठेवते) बसवावा की तेल बदलावे, असा प्रश्न अनेक होडीमालकांना पडतो.

खर्चात आणि श्रमात गरम प्लग सरस ठरतो. एनजीके या कंपनीच्या प्लगवरील आकडा जितका लहान तितका प्लग गरम, म्हणजे ८ ऐवजी ७. प्लगचे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की काजळी आपोआप जळते. मंद गतीत नेमके तेच तापमान गाठले जात नाही. मात्र हाच प्लग ठेवून भर समुद्रात पूर्ण वेगाने इंजिन चालवले, तर टोक अतितप्त होऊन मिश्रण अवेळी पेटते आणि पिस्टन वितळण्याची भीती राहते. हा धोका मला किरकोळ वाटत नाही.

टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचे) तेल महाग पडते, पण त्यात राख करणारी द्रव्ये नसल्याने प्लगवर थर कमी साचतो. प्रमाण उत्पादकाने सांगितलेलेच ठेवावे. ते ५०:१ (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल) असेल, तर ‘थोडे जास्त बरे’ म्हणून ओतलेले तेल प्लगवरच येते. केवळ तेल बदलून हवेच्या मानाने जास्त पेट्रोल देणारा (अति समृद्ध) कार्ब्युरेटर मात्र सुधारत नाही.

वेग बदलता असणाऱ्यांनी तेलच निवडावे. गरम प्लग फक्त कायम मंद चालणाऱ्या होडीसाठी आणि उत्पादकाची मुभा असेल तरच.