घराण्याचा शोध आधी कोठे घ्यावा : मंडळाचे ग्रंथालय, पेशवे दफ्तर की तीर्थोपाध्यायांची नामावळी?

पणजोबांच्या पलीकडची नावे शोधायची, असे ठरवून पुण्यात येणारी माणसे, विशेषतः परदेशातून आठ-दहा दिवसांच्या सवडीने आलेली मराठी मंडळी, बहुधा एकच प्रश्न विचारतात, की आधी कोठे जावे. भारत इतिहास संशोधक मंडळ, पेशवे दफ्तर जेथे आहे ते पुणे पुराभिलेखागार आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही तीन ठिकाणे त्यांच्या मनात असतात. तिन्ही ठिकाणी जुने कागद आहेत, पण ते जपण्यामागचा हेतू तिन्हीकडे निरनिराळा आहे, आणि तो कळला की निवड पुष्कळ सोपी होते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ७ जुलै १९१० रोजी मंडळ स्थापन केले. घराघरांत, वाड्यांच्या माळ्यांवर आणि अडगळीत पडलेली दप्तरे वाणसामानाच्या पुड्यांत जाण्याआधी गोळा करावीत, ही त्यामागची तळमळ होती. सदाशिव पेठेतील वास्तूत आज सुमारे १५ लाख कागदपत्रे आहेत, शिवाय हस्तलिखिते, नाणी आणि चित्रे आहेत. वंशशोधकाच्या दृष्टीने मात्र मंडळाचे सर्वांत मोठे बळ छापील ग्रंथांत आहे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत सिद्ध केले, त्यांत मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, शाखा आणि स्थलांतरे नोंदली. तुमच्या आडनावाचा असा ग्रंथ आधीच निघालेला असेल, तर दुसऱ्या कोणी वीस वर्षे खपून केलेले काम एका दुपारी तुमच्यासमोर येते. कुलवृत्तांतातील आरंभीच्या पिढ्या मात्र जपून वाचाव्यात, कारण मूळ पुरुषाची कथा पुष्कळदा ऐकीव असते आणि कागदाचा आधार चार-पाच पिढ्यांनंतरच सुरू होतो.

पेशवे दफ्तराचा स्वभाव वेगळा आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर सरकारी कागद इंग्रजांच्या हाती आले आणि १८९१ साली बांधलेल्या इमारतीत ते आजही आहेत. सुमारे ३९ हजार रुमाल (कागदांची गाठोडी), म्हणजे काही कोटी कागद. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. पण त्यांचा भर राजकारणावर आहे, त्यामुळे घराण्याचा शोध घेणाऱ्याने तेथून सुरुवात करण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी खरी खाण इनाम कमिशनच्या दप्तरात आहे. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांनी इनामांची चौकशी आरंभली तेव्हा प्रत्येक इनामदाराला आपला हक्क सिद्ध करावा लागला. इनाम कोणी, कोणास, कशाबद्दल दिले, ते आजवर कोणाच्या वहिवाटीत चालत आले, कोण निपुत्रिक वारला आणि कोण दत्तक आला, हे सारे कैफियतीत, म्हणजे लेखी निवेदनात, लिहून वंशावळ जोडावी लागली. जमीन वाचवण्यासाठी लिहिलेली वंशावळ असल्यामुळे तीत हक्कापुरती माणसे असतात. ज्या भावाचा हिस्सा तुटला तो गळतो, मुली तर बहुधा नसतातच. तरीही ती विरुद्ध पक्षाच्या डोळ्यांखालून गेलेली असते, आणि त्यामुळेच मी तिला छापील कुलवृत्तांतापेक्षा अधिक वजन देतो.

दफ्तरात जाऊन आडनावाने शोधू नये. माझा स्वतःचा पहिला सबंध दिवस त्यात वाया गेला. जुना कागद माणसाला आडनावाने क्वचितच ओळखतो. तो ‘कुलकर्णी मौजे अमुक, परगणे तमुक’ असे म्हणतो. कुलकर्णी, देशमुख, पाटील, देशपांडे हे मुळात हुद्दे आहेत, आणि गाव सोडलेल्या घराण्याने नव्या गावात जुन्या गावाच्या नावाला ‘कर’ जोडून घेतला असेल, तर दोन शतकांपूर्वीचे त्याचे आडनाव भलतेच निघते. म्हणून गाव, परगणा आणि वतन ही तीन उत्तरे हाती नसतील, तर दफ्तरातील दिवस फुकट जातो. ती उत्तरे मंडळातील पुस्तके, घरातील जुने सात-बारा व फेरफार किंवा त्र्यंबकची वही यांतून मिळतात. मंडळाला दफ्तराच्या आधी ठेवण्याचे माझे कारण एवढेच आहे.

मोडीची अडचण दोन्ही ठिकाणी सारखीच येते. रुमाल म्हणजे जाड फडक्यात बांधलेले गाठोडे. गाठ सोडली की आत पुडकी, आणि पुडक्यात हातकागदाचे लांबट बंद. ओळीवरची रेघ आधी एका दमात ओढलेली, अक्षरे तिला लोंबकळणारी, आणि दोन शब्दांत जागा नाही. कालगणनाही अनोळखी असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे लिहिलेले दिसले, तर ते एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या दफ्तरांतील अरबी अंकशब्दांची कालगणना) ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०-६१, पानिपताचे साल येते. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांतील कागदासाठी ६०० मिळवावे लागतात. अशा खुणा आठवडाभरात अंगवळणी पडतात, पण सलग मोडी वाचायला महिने लागतात. थोडे दिवस घेऊन आलेल्याने जाणकार वाचकाला योग्य मोबदला देऊन कागद वाचून घ्यावेत. मंडळात अशा माणसांशी गाठ पडण्याचा संभव अधिक, आणि माझ्या मते तेथील कोणत्याही कपाटापेक्षा ही गोष्ट मोलाची आहे.

तिसरे ठिकाण ग्रंथालय नव्हे, तीर्थोपाध्यायांचे घर आहे. क्षेत्रोपाध्ये आपल्या यजमानांची नामावळी पिढ्यान्‌पिढ्या राखतात. यात्रेला आलेला माणूस आपले नाव, गाव, भाऊ, मुलगे सांगतो, शिकलेला असेल तर स्वहस्ते लिहितो, आणि पुढच्या पिढीचा माणूस आला की त्याखाली भर पडते. येथेही आधी गाव विचारले जाते, मग आडनाव. पण येथे वतनाची अट नाही. सरकारदरबारी ज्याचे काम कधी पडले नाही अशा साध्या कुणब्याचे नावही, तो एकदा गोदेवर येऊन गेला असेल, तर मिळू शकते. शिवाय श्राद्धात आई, आजी, पणजी आणि आईच्या माहेरचे तीन पुरुष यांची नावे उच्चारावी लागतात, त्यामुळे इनाम दप्तरात न दिसणाऱ्या स्त्रिया येथे पुष्कळदा सापडतात. आपल्या पणजीचे नाव पणजोबांच्याच हस्ताक्षरात समोर उघडते, तेव्हा जे वाटते ते मला नीट सांगता येत नाही. उणीव अशी, की नोंदीची तारीख यात्रेची असते, जन्माची किंवा मृत्यूची नव्हे, आणि दोन यात्रांमधला मोठा काळ कोराच राहतो. वह्या खाजगी असल्याने सबुरी आणि दक्षिणा, दोन्ही जवळ असावीत.

कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील माणसाने या तिन्हींच्या आधी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, की आपल्याकडे हेळवी येत असत का. बैल घेऊन दारात उभे राहून घराण्याची वंशावळ म्हणणारे हे लोक नव्या जन्मांची नोंद करून पुढच्या गावी जातात. ज्यांचे कुलदैवत गोव्यात आहे त्यांनी देवस्थानाच्या महाजनांची, म्हणजे तेथील हक्कदार घराण्यांची, यादी पाहावी.

मात्र ज्या घराण्यांना क्षेत्राची वाटच मोकळी नव्हती, त्यांना वरील सल्ला पुरा पडत नाही. नाशिकलाच १९३० साली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला, हे येथे विसरता येत नाही. अशा कुटुंबांनी पुण्याकडे न धावता तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जावे. गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर येथे माणूस नावानिशी भेटतो. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी हीच दप्तरे राज्यभर तपासली गेली, त्यामुळे अनेक कचेऱ्यांतील मोडी कागद उजेडात आले.

आठ दिवस असतील, तर पहिले दोन गाव आणि तहसील यांना द्यावेत, पुढचे दोन नाशिक-त्र्यंबकला आणि दोन मंडळाच्या ग्रंथालयाला. घराण्याकडे इनाम किंवा वतन होते असे तोवर निघाले, तरच उरलेले दोन दिवस दफ्तरात घालवावेत. वतन नसेल तर ते दोन दिवस पुन्हा गावातच, तेथल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ, वही उघडून बसावे.