चार रविवार, फी नाही

सांगलीत आमच्या वॉर्डातल्या सभागृहात जूनमध्ये मनाच्या आरोग्यावर चार रविवारचं शिबिर झालं. दहा ते बारा, फी नाही, चहा त्यांचाच. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. असल्या ठिकाणी आपणहून जाणाऱ्यातला नव्हे. नाव बायकोनं घातलं. २०१९ च्या ऑगस्टपासून पाऊस लागला की मी रात्री दोनला उठून मोबाइलवर आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघतो. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं आणि गावभागातल्या आमच्या घरात माळ्याला टेकलं. आता नदी १५ फुटांवर असली तरी मी बघतोच.

पहिला रविवार वाया. पडद्यावर ‘भावनिक नियमन’, ‘ताणनिवारक कौशल्ये’. शेवटी पुढच्या रांगेतल्या मावशींनी विचारलं, “म्हंजे जीव रमत न्हाई, त्येच न्हवं?” शिबिर घेणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, “तेच.” मग तसंच लिहायचं की! पण दुसऱ्या रविवारी त्यांनी पडदा लावलाच नाही, हे मानलं.

तोच रविवार खरा कामाचा. जोड्या लावल्या. एकानं तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. सल्ला नाही, ‘एवढं काय त्यात’ नाही, ‘आमच्याकडं तर’ नाही. माझ्या वाट्याला एक दूधवाले आले. त्यांचा पोरगा महिनाभर खोलीबाहेर येत नव्हता. अर्ध्या मिनिटात माझ्या तोंडून निघालं, “त्याला कामाला लावा.” बाईंनी नुसतं बघितलं. माझी पाळी आली तेव्हा ते दूधवाले शेवटपर्यंत गप्प बसले, आणि मी पुलाच्या फुटांचं सगळं सांगून टाकलं. घरात कधी इतकं बोललो नव्हतो. बाई म्हणाल्या, हा भित्रेपणा नव्हे. पूर ओसरला, आतला भोंगा बंद झालेला नाही. पातळी बघा, पण वेळ ठरवून, रात्री नऊ आणि सकाळी सहा.

तिसऱ्या रविवारी औषधं आणि कायदा. एकजण म्हणाला, गोळ्या पाच दिवस घेतल्या, फरक नाही, सोडल्या. उदासीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात आणि त्या आपल्या मनानं थांबवायच्या नसतात, हे तिथं बऱ्याच जणांना नवीन होतं. २०१७ च्या कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारही इतर आजारांसारखाच धरायला सांगितलंय, हे मला नवीन. पॉलिसी काढून वाचायला घेतलीय.

चौथा रविवार प्रमाणपत्रं आणि फोटोत गेला. दुसरी तक्रार वेळेची. रविवारी सकाळी सांगलीतला पुरुष मटणाच्या रांगेत असतो. आम्ही मोजून पाच पुरुष, बाकी सगळ्या बायका. संध्याकाळी ठेवा. आणि चार रविवारांनंतर पुढं काय, हे कुणी नीट सांगितलं नाही. टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर तेवढा दिला, १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

मला अजून दोनला जाग येते. मोबाइल मात्र बायकोच्या उशाखाली असतो.

तो नंबर मी दुकानात गल्ल्यावर चिकटवलाय. काल एक शेतकरी बराच वेळ त्याच्याकडं बघत उभा होता. मग म्हणाला, “दिवाणजी, राजापुरी हळदीचा दर का हो?”