मालवणला स्कूबा: नोव्हेंबर, जानेवारी की एप्रिल? आणि तिथी कुठली?

मालवण-तारकर्लीला स्कूबा ठरलं की लोक आधी सुट्टी बघतात, मग रूम, आणि समुद्राचा विचार थेट बोटीत बसल्यावर. माझं म्हणणं, आधी समुद्र बघा. जून ते ऑगस्ट तसंही बंदच असतं, प्रश्न उरतो बाकीच्या महिन्यांचा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरला गर्दी कमी असते (दिवाळी सोडून), पण पावसाचा गाळ पाण्यात असतोच, देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिकडे तर जास्तच. वर वादळांचे दिवस. ऑक्टोबर २०१९ चं क्यार किनाऱ्यावर आलंच नव्हतं, तरी सिंधुदुर्गात समुद्र खवळला होता.

डिसेंबर-जानेवारीत पाणी बहुतेक वेळा सगळ्यात नितळ, सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो म्हणून समुद्र शांत, दुपारनंतर मात्र वायव्येचा वारा धरतो. नाताळ ते एक जानेवारी टाळाच, त्या गर्दीत इन्स्ट्रक्टर तुमच्याकडे नीट लक्ष कसं देणार?

मार्च-एप्रिलला पाणी कोमट, पहिल्यांदा उतरणाऱ्याला बरं वाटतं, पण ऊन चढलं की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि लाटा उठतात, म्हणजे पहाटे उठायची तयारी असेल तरच. मे महिना मी कुणाला सुचवत नाही, २०२१ ला तौक्ते वादळ मेमध्येच आलं होतं.

आता खरा मुद्दा, महिना बरोबर असला तरी तिथी चुकली तर मजा जाते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, भरती-ओहोटीतला फरक मोठा, त्यामुळे पाण्याला ओढ जास्त आणि तळाची वाळू उठते. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान, ओढ कमी. आपल्याकडचा जुना हिशोब आहे ना, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, (वद्य पक्षात परत एकपासून मोजायचं), त्या हिशोबाने दशमीला साधारण साडेसात, एकादशीला सव्वाआठ. म्हणजे भांग पण मिळतो, सकाळची भरती पण मिळते, आणि वारा सुटायच्या आत तुम्ही बाहेर. भरतीला बाहेरचं स्वच्छ पाणी आत येतं, ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर येतं, हे खाडीच्या तोंडाजवळ लगेच कळतं. मालवणला भरती मुंबईपेक्षा जरा आधी येते, म्हणून बुकिंग करताना मालवणचंच टाइडटेबल (भरती-ओहोटीचं वेळापत्रक) बघा, मुंबईचं नको.

मला विचाराल तर जानेवारीतली दशमी-एकादशी, मधल्या वारी, सकाळची पहिली बोट. जानेवारी जमत नसेल तर एप्रिलमधला भांग घ्या, पण उधाणातला जानेवारीचा वीकेंड नको, निदान पहिल्यांदा उतरणाऱ्याला तरी नको.

आदल्या रात्री हवामान खात्याचा आणि इन्कॉइसचा (समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था) इशारा बघा. कधीकधी इथे वारा नसतो तरी लांब आखाताकडून लाटा येतात, त्या आकाशाकडे बघून कळत नाहीत. उंच लाटांचा इशारा असेल तर पैसे परत मिळोत न मिळोत, कॅन्सल करा, आणि तांडेल (बोट चालवणारा) नको म्हणाला तर त्याला आग्रह करू नका. परतीचं विमान मोपा (गोवा) किंवा चिपीहून (सिंधुदुर्ग) असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर १८ तास सोडून तिकीट काढा.