धानोऱ्याकडच्या बाजारातलं रानभाजीचं दुकान : सात्या, वास्ते अन् मोहाचे लाडू

दुकान म्हणजे बाजाराच्या टोकाला चिंचेखाली ताडपत्री टाकून बसलेल्या चार-पाच गोंड बाया, समोर टोपल्या, एक जुना तराजू, अन् फोनपेचं कार्ड घेऊन उभं असलेलं एक पोरगं. पाटी नाही, नाव नाही. मी भंडाऱ्याकडचा, नोकरीनं इकडं गडचिरोलीत आलो, तीन वर्षं झाले पावसाळ्यात दर बाजाराला इथूनच भाजी नेतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं.

पहिले सात्या (रानातली छत्री, म्हणजे मशरूम). अर्धा किलोचे ३०० रुपये दिले, महाग वाटते, पण एकदा खाऊन पहा. नुसता कांदा, लसूण, तिखट टाकून रस्सा केला तरी घरभर वास सुटते. ही छत्री उधईच्या (वाळवीच्या) वारुळावरच येते, उधई जमिनीखाली बुरशी पोसते अन् त्या बुरशीतूनच सात्या वर निघतात, म्हणून बटन मशरूमसारखी खोलीत पिकवता येत नाही. मी मागच्या साली येडपटासारखं विचारलं, मावशी, वारूळ खोदलं तर आणखी निघतील ना? मावशी माझ्याकडं पाहतच राहिल्या. म्हणे, "त्याहिचं घर फोडलं तं पुढच्या साली कोन देईन बाप्पा?" त्या बुडातून हळूच काढतात, एक-दोन उमललेल्या तिथंच ठेवतात अन् माती सारखी करून येतात. कोणत्या वारुळावर केव्हा निघते हे त्यांना पाठ आहे, सासूनं दाखवलं होतं म्हणे. अन् हो, जंगलात दिसली छत्री की तोडली असं कोणी करू नका, विषारी पण असतात, माझ्यासमोर त्यांनी एका पोराची आणलेली अर्धी टोपली फेकून दिली.

वास्ते (बांबूचे कोंब) पण ताजे भेटतात, चिरून पाहिजे असले तर चिरून देतात. कच्चे करायचे नाही, रात्रभर पाण्यात ठेवायचे, उकळायचे, ते पाणी फेकायचे, मंगच भाजी, नाहीतर कडू लागते अन् पोटाला त्रास होते. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, घाईत असला तरी थांबवून सांगतात, मला हे लय आवडलं. एका रांजीतले (बांबूच्या बेटातले) सगळे कोंब काढत नाहीत, कारण कोंब म्हणजेच उद्याचा बांबू.

मोहाचे लाडू २०० रुपयाचे पाव डझन नाही, पूर्ण डझन, तीळ-गूळ घालून. मोहफुलाचा वास थोडा उग्र असते, माझ्या बायकोला पहिल्यांदा नाही जमला, आता तीच आठवण करते. पुष्कळ ठिकाणी फुलं दिसावी म्हणून मोहाखालचा पालापाचोळा जाळतात अन् तोच वणवा होऊन जंगलात शिरते, यांच्या गावात मात्र झाडाखाली झाडून घेतात नाहीतर जाळी टाकतात.

चारोळी मागितली तर फक्त १०० ग्रॅम भेटली. आधी राग आला, मंग कारण समजलं. व्यापारी आधी येते म्हणून लोकं कच्चीच चार (चारोळीचं फळ) तोडतात, फांद्या पण कापतात, म्हणून झाडं कमी होऊन राहिले. यांच्या ग्रामसभेनं तारीख ठरवली, त्याच्या आधी कोणी तोडत नाही, जे निघालं ते निघालं. माडिया-गोंड लोकांत आंब्याचा पंडुम (सण) करून देवाला दिल्याशिवाय नवा आंबा तोंडात घालत नाहीत, मला तर हा त्याच रीतीचा धाकटा भाऊ वाटला. वनहक्क कायदा २००६ चा, धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखा गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये भेटला, पण जंगल कसं वापरावं हे या लोकांना कायद्यानं नाही शिकवलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तर हक्क भेटल्यावर तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, फांद्या तुटतात, आगी लागतात म्हणून, हातचा पैसा सोडला त्यांनी.

तक्रारी पण सांगतो. मधाची बाटली दोनदा गळली, पिशवी चिकट झाली, झाकणं चांगली घ्या जी. टोळीचं (मोहाच्या बियांचं) तेल कधी असते कधी नसते. अकरानंतर गेलं तर अर्ध्या टोपल्या रिकाम्या, पाऊस असला तर चिखल तुडवत जावं लागते. एक तारा त्याचाच कमी, ५ पैकी ४.

भाव करू नका, कृपा करून. पहाटे तीनला उठून जंगलात जातात त्या, त्यातलीच एक मावशी मला म्हणाल्या की पाय दुखतात आता, तरी जाते.

काल सात्या नव्हत्याच. पुढच्या बाजाराला येतील का म्हटलं तर मावशीनं वर पाहिलं अन् म्हणे, "गडगडलं तं येतील भाऊ, मंग सकायीच ये."