मिरजेतील एका तपासणी केंद्राचे ‘लिव्हर पॅकेज’: दोन भेटींचा अनुभव

तासगावला बेदाण्याचा व्यापार असलेले आमचे दाजी गेली बारा-तेरा वर्षे रोज रात्री एक क्वार्टर घेतात आणि श्रावण मात्र कडक पाळतात. त्यामुळे तपासणी करायची तर गटारीच्या आधी, खरे आकडे दिसतील तेव्हाच, असे ताईने ठरवले आणि मी त्यांना मिरजेतील एका खासगी तपासणी केंद्रात घेऊन गेलो. रक्ततपासणी, सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झाले आहे ते मोजणारी तपासणी) आणि डॉक्टरांचा सल्ला असे सारे तेथे साडेतीन हजारांत मिळते.

सुरुवात काही चांगली झाली नाही. फायब्रोस्कॅनसाठी किमान तीन तास पोट रिकामे लागते, हे फोनवर वेळ देताना कोणी सांगितले नव्हते, आणि दाजी रक्त देऊन झाल्यावर बाहेर जाऊन चहाबरोबर चांगली वाटीभर भडंग खाऊन आले होते. दुपारपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो. जागा स्वच्छ आहे, रक्त घेणाऱ्या मुलीचा हात हलका आहे, गाडी लावायला मात्र जागा नाही.

पैसे वसूल झाले ते डॉक्टरांच्या खोलीत. रिपोर्टवर एसजीओटी १४८, एसजीपीटी ६२ आणि जीजीटी २१२ असे यकृताच्या तीन विकरांचे (एन्झाइमचे) आकडे ठळक छापलेले होते. शेजारी ‘नॉर्मल रेंज’ होती, अर्थ कुठेच नव्हता. डॉक्टरबाईंनी आधी हिशेब मांडला: १८० मिलीच्या, ४२.८ टक्क्यांच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निपटू शकते. म्हणजे दाजी झोपलेले असले तरी त्यांचे यकृत पहाटेपर्यंत कामावरच असते. या कामात अल्कोहोलचे प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड होते, जे पेशीतील प्रथिनांना आणि डीएनएला चिकटून त्यांची मोडतोड करते. शिवाय रोजच्या पिण्याने सीवायपी२ई१ नावाचे विकर वाढते आणि त्याच्या कामातून घातक ऑक्सिजन-कण सुटत राहतात. त्यांना आवरणारा ग्लुटाथायोनचा साठा आटला, की पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांची आवरणे गळू लागतात, आतले सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडते आणि कॅस्पेस नावाची विकरे पेशीला आतूनच कापू लागतात.

हा पेशीचा आत्मघात. याला अपोप्टोसिस हे नाव केर, वायली आणि करी यांनी १९७२ साली दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. यात पेशी आक्रसते, तिचे छोटे तुकडे होतात आणि आजूबाजूच्या पेशी ते निमूट गिळून टाकतात. एवढी शिस्त पाळण्यापुरतीही ऊर्जा उरली नाही, तर पेशी फुगून फुटते, आतला माल सांडतो आणि भोवती दाह पेटतो. डॉक्टरबाई फायलीच्या पाठीमागे दोन गोल काढत होत्या, तेवढ्यात दाजी म्हणाले, “म्हणजे एक बेदाणा आणि एक अवकाळी पावसात तडकलेला मणी.” त्यांनी हसून दोन्ही गोलांखाली तेच लिहून दिले. बारा वर्षांत ताईला जे जमले नाही ते त्या दोन गोलांनी केले, असे मला तरी वाटले.

एसजीओटी आणि एसजीपीटी हा त्या तडकलेल्या किंवा इजा झालेल्या पेशींतून रक्तात सांडलेला माल. एसजीओटीचा काही भाग तंतुकणिकांत असतो, आणि पिणाऱ्यांत बी-६ जीवनसत्त्व कमी पडल्याने एसजीपीटी फारसे चढत नाही. म्हणून पहिला आकडा दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त असला, की संशय दारूकडे जातो. दाजींचे गुणोत्तर जवळपास २.४ होते. रिपोर्टवर ते छापायला एक ओळ पुरली असती. फायब्रोस्कॅन ८.९ किलोपास्कल आला, पण दाहामुळेही हा आकडा फुगतो, त्यामुळे एवढ्यावरून यकृतात वण धरले आहेत असे मानू नये, असे त्यांनी बजावले. रोज घेणाऱ्याने एकदम बंद करताना हात थरथरणे, घाम, क्वचित झटकेही येऊ शकतात, तेव्हा दरवर्षी श्रावणात काही होत नाही या भरवशावर राहू नका, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

श्रावण आणि त्याला जोडून गणपती असे सहा आठवडे पार पडल्यावर आम्ही पुन्हा गेलो. एसजीओटी ३८, एसजीपीटी ३४, जीजीटी ७४, फायब्रोस्कॅन ६.८. त्या दिवशी डॉक्टरबाई नव्हत्या. काउंटरवरच्या मुलाने पाकीट हातात देत “काका, सगळं जवळजवळ नॉर्मल आहे,” असे सांगून टाकले. माझी खरी तक्रार इथे आहे. बेदाण्यासारख्या आक्रसून मरणाऱ्या पेशींचा माल रक्तात फारसा सांडत नाही, आणि सिऱ्होसिस झालेल्या, म्हणजे यकृतात वण पसरून ते निबर झालेल्या माणसाचेही हे आकडे कधी कधी नॉर्मल येतात. हे पहिल्या भेटीत आम्हाला याच केंद्रात शिकवले गेले होते. दाजींनी मात्र त्यातला ‘नॉर्मल’ तेवढा उचलला आणि परतताना मिरजेच्या चौकातच दसऱ्याचा विषय काढला.

मी फोन करकरून डॉक्टरबाईंची वेळ घेतली. त्या मंगळवारी आणि शुक्रवारीच असतात. पॅकेज घ्यायचेच असेल तर दोन्ही भेटी याच दोन वारांपैकी ठरवाव्यात.