काश्मिरी विलोची सीझन बॅट: घ्यावी का, जपावी कशी

टेनिस बॉल सोडून सीझन बॉलकडे, म्हणजे टणक कातडी चेंडूकडे, वळलेल्या नाशिकच्या मुलाच्या हाती पहिली बॅट येते ती बहुधा काश्मिरी विलोची (विलो म्हणजे बॅटसाठी वापरतात ते लाकूड). दोन-तीन हजारांत मिळते आणि शिकायच्या वयात पुरते. इंग्लिश विलोची घाई नको.

लाकूड तपकिरी, जरा जड, टणक. चेंडू इंग्लिश विलोसारखा सुटत नाही, ही उणीव खरीच. खरा घोटाळा मापात होतो. सव्वापाच फुटांच्या आसपासच्या मुलाला सहा नंबरची बॅट बसते. ‘अंगाला येईल पुढे’ म्हणून पालक थेट पूर्ण मापाची घेतात. मग ती जड बॅट उचलायला खालचा हात जोर लावतो, बॅट आडवी येते आणि सरळ ड्राइव्ह हवेत जातो.

बॅट स्वस्त आहे ती इथेच घडते म्हणून. काश्मीरच्या खोऱ्यात विलोची लागवड इंग्रजी अमलात झाली; १९४७ नंतर सियालकोटचे कारागीर जालंधर-मेरठला आले आणि तिथे बॅटचा धंदा वाढला. त्याआधी बॅट ही साहेबाची वस्तू. मुंबईच्या पारशांनी १८४८ मध्ये क्लब काढला, १८८६ मध्ये इंग्लंडचा दौराही केला, पण त्यांना ते परवडत होतं. पुण्यात फिरकी गोलंदाज पालवणकर बाळू साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास गोलंदाजी करत, फलंदाजी मात्र त्यांना मिळत नसे. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी, १९८३ मध्ये तिथेच विश्वचषक. खेळ गल्लीपर्यंत पोचायला मात्र गल्लीला परवडणारी बॅट लागली.

आता नॉकिंग, म्हणजे नवी बॅट खेळायला घेण्याआधी ठोकून तयार करणं. दुकानात मशीनवर करून दिलं तरी कडा तपासा, त्याच राहून जातात. कच्चं जवसाचं तेल, चमचाभर, कापडाने पुढची बाजू, कडा आणि तळाला लावा. पुढे पारदर्शक शीट चिकटवलेली असेल तर तेवढा भाग सोडा. हँडल लाकडात बसतं त्या व्ही-सांध्याला तेल अजिबात नको, गोंद सैल होतो. बॅट दिवसभर आडवी ठेवा; जास्त तेल पाजलं की ती जड आणि मठ्ठ होते. मग लाकडी हातोडीने आधी हलकं, पुढे जोर वाढवत, एकूण चार ते सहा तास ठोका, एका बैठकीत नव्हे. कडा तिरक्या ठोकून गोल करायच्या. शेवटी नेटमध्ये जुना चेंडू. हे टाळून १५६ ते १६३ ग्रॅमचा कोरा चेंडू थेट कडेवर घेतला तर चीर ठरलेली, आणि ‘लाकूडच खराब’ म्हणून दुकानदाराशी भांडण.

नाशिकच्या हवेत दोन धोके आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या मैदानावर टेकवलेल्या बॅटचा तळ पाणी पिऊन फुगतो, नंतर पायाशी पडणाऱ्या यॉर्करवर फुटतो. तळाला लावायचा रबरी टो-गार्ड पहिल्याच दिवशी चिकटवा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेली बॅट कोरडी पडून तडकते.

फक्त टेनिस बॉल खेळणार असाल तर ही घेऊच नका. त्यासाठी मागून कोरलेली हलकी बॅट मिळते, तिने चेंडू लांब जातो. सीझन बॉलसमोर मात्र ती टिकत नाही.