सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताय? आधी सीटबेल्ट पूर्ण ओढा

लिहायचं टाळत होतो, पण या महिन्यात दोन मित्र अशीच गाडी घ्यायला निघालेत आणि फोनवर सांगताना माझं डोकं फिरतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुण्यात एका एजंटकडून २०१२ ची ऑडी टीटी घेतली, साडेबारा लाखाला, चेन्नई पासिंग. प्लॅन साधा, दोन-अडीच लाख घालायचे, चकाचक करायची आणि १७-१८ ला काढायची. आधी अशाच दोन गाड्या करून थोडे पैसे सुटले होते, त्यामुळे हवा डोक्यात गेलेली. एजंट म्हणाला डॉक्टरची गाडी, फक्त रविवारी बाहेर निघायची. आत नवंकोरं कार्पेट आणि परफ्यूमचा असा घमघमाट की दोन मिनिटांत डोकं धरेल, आणि मी काय समजलो, तर मालक हौशी आहे! चेन्नई म्हटल्यावर डिसेंबर २०१५ आठवायला हवा होता की नाही? तिथल्या पुरात अड्यार नदीचं पाणी लोकांच्या घरात-पार्किंगमध्ये घुसलेलं मीच टीव्हीवर बघितलं होतं. नाही आठवलं. लाल रंगाची टू-डोअर समोर उभी होती, काय आठवणार.

मग खर्च सुरू. टायमिंग चेन आणि टेन्शनर, डीएसजीचं (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल, चारही टायर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, हेडलाइटला पॉलिश, पावणेतीन लाख गेले आणि आरटीओचा टॅक्स वेगळा. जूनच्या पहिल्या पावसात ड्रायव्हरची काच आपोआप खाली आली. इलेक्ट्रिशियनने सीटखालचा कनेक्टर काढला तर पिना हिरव्या पडलेल्या. तो म्हणाला एसीचं पाणी झिरपलं असेल. मला तेच ऐकायचं होतं, ऐकलं.

नोव्हेंबरमध्ये कोल्हापूरचं गिऱ्हाईक आलं, १७ ला जवळजवळ पक्कं. मुलगा गाडीचे फोटो काढत होता, सोबत त्याचे मामा, जुने मेकॅनिक. त्यांनी ना बॉनेट उघडलं ना टेस्ट ड्राइव्ह मागितली, ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरून हळूहळू पार शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट तपकिरी डाग आणि त्याच्या वर सरळ रेघ, चहाच्या कपात राहते तशी. अंगठ्याने घासून मला दाखवलं. "पाव्हणं, ही पुरातली गाडी हाय. ऑगस्टपास्नं असल्याच उघडतोय मी." (ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूरचा पूर, त्यात शिरोलीला हायवे बंद होता, आठवत असेल.) मी शपथेवर सांगत होतो की मला माहीत नव्हतं, आणि माझ्याच कानाला ते एजंटसारखं वाटत होतं. मुलगा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती अजून जात नाही.

मग शहाणपण सुचलं. कागदांत जुनी पॉलिसी होती, त्यात एनसीबी, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, शून्य. रविवारी निघणाऱ्या डॉक्टरच्या गाडीला शून्य का, हे घेतानाच विचारायला हवं होतं. ओळखीच्या इन्शुरन्सवाल्याकडून कळलं, २०१६ मध्ये टोटल लॉसचा क्लेम झालेला. म्हणजे कसं, रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी मालकाला पैसे देऊन मोकळी होते, गाडी सॅल्व्हेज म्हणजे भंगार म्हणून लिलावात जाते, कोणीतरी स्वस्तात उचलतो, धुतो, वाळवतो, कार्पेट बदलतो आणि दुसऱ्या राज्यात विकतो. आरसीवर काही नाही. गाडीची माहिती बघायच्या ॲपवरही मला गाडी स्वच्छच दिसली होती.

एजंटने डिलिव्हरीच्या कागदावरची "जशी आहे तशी घेतली" ही ओळ दाखवली, खाली माझीच सही. पोलीस म्हणाले दिवाणी मामला. ग्राहक मंचात जाऊ म्हटलं तर वकिलाने विचारलं, गाडी कशासाठी घेतली होती? परत विकायला? मग तुम्ही कायद्याने ग्राहकच नाही. यावर मी खरंच हसलो.

शेवटी भोसरीच्या एका गॅरेजवाल्याने पार्ट्ससाठी साडेसहा लाखाला घेतली. विक्रीच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने "पुरात बुडालेली गाडी" असं लिहिलं. त्याने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि अजून २० हजार कमी करायला सांगितले. केले.